समर्पित ख्रिस्ती जीवन : केडगाव, अहमदनगर व जामखेड येथील तीन जीवनांच्या आधारे एक विवेचन

गोषवारा

देवाला सर्वस्व वाहून जगणे ही कल्पना ख्रिस्ती धर्मविचाराच्या केंद्रस्थानी आहे. महाराष्ट्रात मात्र ख्रिस्ती जीवनाची चर्चा बहुधा धर्मांतराच्या घटनेपाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक, तसेच डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांच्या जीवनांच्या आधारे समर्पण या संकल्पनेचा अर्थ उलगडण्याचा प्रयत्न केला आहे. धर्मस्वीकार आणि समर्पण या दोन वेगळ्या घटना आहेत. समर्पणाची खरी कसोटी भावनेच्या तीव्रतेत नसून माणूस आपल्या हातातील साधने, भाषा आणि अधिकार किती प्रमाणात सोडतो व त्यातून इतरांना किती बळ मिळते यात आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : समर्पण, शरणागती, कृपा, बाप्तिस्मा, मुक्ती सदन, देवाचा दरबार, ग्राम आरोग्य सेविका.

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेला आहे. सौताडा येथे रामेश्वराच्या दरीत कोसळणारी विंचरणा नदी पुढे शेजारच्या जामखेडकडे वाहत जाते. आज ही दोन गावे एकाच राज्याच्या दोन लगतच्या जिल्ह्यांत आहेत. परंतु १९४८ पर्यंत पाटोदा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर अहमदनगर जिल्हा १९४७ पर्यंत ब्रिटिश मुलखात होता. अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये आपले केंद्र उघडले. शाळा, दवाखाने, छापखाने आणि 'ज्ञानोदय' हे १८४२ मध्ये सुरू झालेले नियतकालिक यांच्याद्वारे या मिशनचा प्रभाव आसपासच्या खेड्यांपर्यंत पोहोचला. निजामी मुलखातही रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. मराठवाड्याच्या सीमेवरील ख्रिस्ती समाजाचा इतिहास या दोन्ही बाजूंनी घडला आहे.

ईश्वराला जीवन वाहणे ही कल्पना या भूमीला नवी नाही. संत भगवानबाबांचा जन्म याच तालुक्यातील सावरगाव घाट येथे झाला. कीर्तन, वारी आणि नामस्मरण यांनी येथील जनमानस घडले आहे. त्यामुळे 'सर्वस्व अर्पण' हे शब्द येथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. मात्र त्याच शब्दांमागे 'ख्रिस्ती' हे विशेषण आले की चर्चेची दिशा बदलते. धर्मांतर का झाले, कोणी केले, त्यामागे आमिष होते की श्रद्धा होती, हे प्रश्न पुढे येतात. ते प्रश्न ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचे आहेतच. परंतु बाप्तिस्म्यानंतरची तीस-चाळीस वर्षे ती व्यक्ती कशी जगली, हा प्रश्न त्यांच्याखाली दबून जातो. समर्पणाचा विचार करावयाचा तर त्या नंतरच्या वर्षांकडेच पाहावे लागते.

प्रस्तुत लेखात त्याच वर्षांचा विचार केला आहे. त्यासाठी निवडलेली तीनही उदाहरणे मराठी भाषक प्रदेशातील असून, तिसरे उदाहरण तर पाटोद्याच्या शेजारचेच आहे.

समर्पणाची ख्रिस्ती संकल्पना

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे येशूला विचारण्यात आल्याचा प्रसंग शुभवर्तमानांत आला आहे. त्याने उत्तरादाखल यहुदी लोक रोज म्हणत असलेलेच वचन सांगितले. देवावर संपूर्ण हृदयाने, जिवाने, बुद्धीने आणि शक्तीने प्रेम करावे, असा त्याचा आशय आहे. त्याला लागूनच त्याने शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची दुसरी आज्ञा जोडली. या उत्तरातील तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे हिब्रू परंपरेत 'हृदय' हे केवळ भावनांचे स्थान नाही. विचार आणि संकल्प यांचेही ते स्थान आहे. त्यामुळे 'संपूर्ण हृदयाने' याचा अर्थ भावविवश होऊन असा नसून, निर्णयासह असा होतो. दुसरी गोष्ट म्हणजे मूळ वचनातील 'शक्ती' या शब्दाचा अर्थ प्राचीन यहुदी शास्त्र्यांनी 'धन' किंवा 'मालमत्ता' असाही केला आहे. म्हणजे देवावरील प्रेमाचा हिशेब माणसाच्या पेटीपर्यंत पोहोचतो. तिसरी गोष्ट म्हणजे देवप्रेम आणि शेजारप्रेम यांची सांगड येशूने अशी घातली की पहिल्याचा पुरावा दुसऱ्यात शोधावा लागतो.

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करण्याची विनंती केली आहे. यज्ञात अर्पण केलेला पशू एकदाच मरतो. जिवंत यज्ञाला मात्र रोज स्वतःला अर्पण करावे लागते. समर्पण ही एका दिवसाची घटना नसून रोज नव्याने करावयाचा निर्णय आहे, हा अर्थ या रूपकातच दडलेला आहे.

मराठी वाचकाला येथे नवविधा भक्तीतील शेवटच्या पायरीची, आत्मनिवेदनाची, आठवण होणे स्वाभाविक आहे. दोहोंत निश्चितच साम्य आहे. 'मी' आणि 'माझे' यांचा अधिकार सोडणे हे दोन्हीकडे अपेक्षित आहे. परंतु एक भेदही ध्यानात ठेवला पाहिजे. ख्रिस्ती मतानुसार माणूस समर्पण करून तारण मिळवत नाही. तारण हे देवाच्या कृपेने आधीच दिलेले दान असून, समर्पण हा त्या दानाला दिलेला कृतज्ञ प्रतिसाद होय. म्हणून सेवा, दान, उपवास किंवा त्याग यांचे पुण्य साठवण्याची भाषा ख्रिस्ती विचारात बसत नाही. सेवा करणारा वरच्या पायरीवर उभा नसतो. तोही स्वीकारणाराच असतो. या एका भेदाचे सामाजिक परिणाम मोठे आहेत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

आणखी एक मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे. समर्पित जीवन म्हणजे संन्यस्त जीवन, असे समीकरण ख्रिस्ती परंपरेतही दीर्घकाळ रूढ होते. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर याने ते मोडले. चांभाराचे, गृहिणीचे आणि शिक्षकाचे कामही देवाने दिलेले पाचारण आहे, असे त्याने प्रतिपादन केले. पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात आलेली मिशने प्रामुख्याने याच प्रोटेस्टंट परंपरेतील होती. त्यामुळे पुढील तीनही उदाहरणे मठातील नसून संसारी माणसांची आहेत, ही बाब योगायोगाची नाही.

पंडिता रमाबाई : धर्म सापडणे आणि देव सापडणे

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलींना संस्कृत शिकवले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंनी आई, वडील व थोरली बहीण यांना गमावले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत भावाबरोबर त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु दोनच वर्षांत त्यांना वैधव्य आले. कन्या मनोरमा हिच्यासह त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली, असे झाले नाही. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी आणि इंग्लंडच्या चर्चने मान्य केलेल्या मतांगीकारातील काही विधानांविषयी त्यांनी आपल्या ख्रिस्ती गुरुभगिनींशी पत्रांतून दीर्घ वाद घातला. एका धर्मातील पुरोहितांचे जोखड टाकून देऊन दुसऱ्या धर्मातील पुरोहितांचे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. संपूर्ण समर्पण म्हणजे बुद्धीचा त्याग, या समजुतीला रमाबाईंचे जीवन छेद देते. देवावर 'संपूर्ण बुद्धीने' प्रेम करावयाचे असेल तर ती बुद्धी जागी असावी लागते.

१९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी एक मार्मिक कबुली दिली आहे. १८८३ मध्ये आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला. परंतु स्वतः ख्रिस्त मात्र त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मिळाला, असा तिचा आशय आहे. या आठ वर्षांत त्यांनी अमेरिकेचा प्रवास केला, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, बोस्टन येथे साहाय्यक संघ उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू केले. म्हणजे बाह्यतः पाहता सर्व कार्य जोमाने चालू असताना, आपण अद्याप पूर्णपणे देवाच्या झालेलो नाही, असे त्यांना वाटत होते. धर्मस्वीकार आणि समर्पण यांतील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच कोणी नोंदवले असेल.

या आंतरिक परिवर्तनानंतर त्यांच्यापुढे एक कठीण पेच उभा राहिला. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचे अभिवचन दिलेले होते. रमाबाई स्वतः मात्र रोज प्रार्थना करीत आणि आपल्या खोलीचे दार बंद ठेवीत नसत. काही विद्यार्थिनी त्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. यातून १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद उद्भवला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारणावादी हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. या वादात दोन्ही बाजूंना तत्त्वाचा आधार होता. आपली श्रद्धा लपवणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटत होते. तर अल्पवयीन, निराधार मुलींवर संचालिकेच्या श्रद्धेचा प्रभाव पडणे हा वचनभंग होय, असे टीकाकारांचे म्हणणे होते. आश्रय देणाऱ्याची श्रद्धा आणि आश्रिताचे स्वातंत्र्य यांतील हा ताण समर्पित जीवनाच्या कोणत्याही प्रामाणिक अभ्यासाला टाळता येणार नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे 'मुक्ती सदन' आकारास आले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे स्त्रियाच करीत. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवली जाई. बोस्टनच्या संघाने १० वर्षांच्या साहाय्याची हमी दिली होती. परंतु मुक्ती सदनाचा वाढता पसारा कोणत्याही ठरावीक हमीवर नव्हे, तर प्रार्थना आणि मिळेल ती देणगी यांवर चालला.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात करून संपूर्ण बायबलचे मराठीत भाषांतर केले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने भाषांतरासाठी मात्र अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी साधी मराठी निवडली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये हे भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. ज्या विद्येमुळे कलकत्त्यात त्यांचा गौरव झाला होता, तिचे प्रदर्शन त्यांनी बाजूला ठेवले. रमाबाईंच्या अनेक त्यागांत हा त्याग सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे.

टिळक दांपत्य : वेतनाचा त्याग आणि भाषेचा स्वीकार

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत त्यांच्याहून अधिक त्यांच्या पत्नीला मोजावी लागली. लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता हे पाऊल उचलले गेले होते. लहान मुलासह त्या आप्तांच्या आश्रयाला राहिल्या आणि पुढील काही वर्षे पती-पत्नींची ताटातूट झाली. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हा काळ कोणताही आक्रोश न करता, किंबहुना विनोदाने, नोंदवला आहे. त्या परत आल्या तरी त्यांनी लगेच ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. सोवळेओवळे पाळत, स्वतंत्र स्वयंपाक करीत त्या राहिल्या. जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने निर्माण केला, हे त्यांना पटले तेव्हाच त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यास सुरुवात केली आणि १९०० मध्ये राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला. पतीने घेतलेला निर्णय पत्नीचा आपोआप होत नाही, ही गोष्ट टिळकांनीही पुढे मान्य केली. प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाईंनी केलेली शुश्रूषा आणि दुष्काळातील अनाथ मुलांचा त्यांनी केलेला सांभाळ पाहता, उशिराने आलेले त्यांचे समर्पण पतीच्या समर्पणापेक्षा उणे नव्हते, असेच म्हणावे लागते.

टिळकांनी सुमारे दोन दशके अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. अहमदनगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे यांच्यासारखा कवी आश्रयास राहिला. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. परंतु परकीय मिशनचा पगारी नोकर म्हणून ख्रिस्ताविषयी बोलणे त्यांना अधिकाधिक सलू लागले. श्रोता वक्त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या वेतनाकडे पाहतो, ही अडचण त्यांनी ओळखली होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, सातारा येथे वास्तव्य केले आणि 'देवाचा दरबार' ही बंधुसंस्था स्थापन केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तिचे दार खुले होते. ख्रिस्ताचा अनुयायी होण्यासाठी मराठी माणसाला आपला देश, भाषा व संस्कृती सोडावी लागू नये, असा त्यामागील विचार होता. ९ मे १९१९ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यामुळे दरबाराचा प्रयोग पूर्णत्वास गेला नाही.

वेतनत्यागाइतकाच त्यांचा भाषेविषयीचा निर्णय महत्त्वाचा आहे. परकीय चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांऐवजी त्यांनी अभंग आणि ओवी यांतून ख्रिस्तभक्ती मांडली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्र त्यांनी १९०९ मध्ये हाती घेतले; त्यांच्या पश्चात ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी पतीच्या अपुऱ्या काव्याचा बहुतांश भाग स्वतः रचावा, ही मराठी साहित्याच्या इतिहासातील असाधारण घटना आहे.

रमाबाईंप्रमाणेच टिळकांच्या जीवनातही दोन टप्पे दिसतात. १८९५ मध्ये त्यांनी धर्म स्वीकारला. १९१७ मध्ये त्या धर्मातील सुरक्षित जागा सोडली. यांपैकी पहिल्या टप्प्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. ख्रिस्ती समर्पणाच्या दृष्टीने दुसरा टप्पा अधिक बोलका आहे.

जामखेडचे आरोळे दांपत्य : अधिकाराचे समर्पण

तिसरे उदाहरण अलीकडच्या काळातील आहे. डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील सुपे येथे एका शिक्षक कुटुंबात झाला. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकत असताना त्यांची मेबल यांच्याशी ओळख झाली. दोघेही १९५९ मध्ये पदवीधर झाले. १९६० मध्ये विवाहबद्ध होताना, खेड्यांतील उपेक्षित लोकांसाठी आयुष्य वेचण्याची प्रतिज्ञा दोघांनी केली.

या प्रतिज्ञेनंतरचा प्रवास सरळ झाला नाही. १९६२ पासून नेवासा तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. रुग्णालय भरलेले असे. पण बरे होऊन गेलेली मुले तोच अतिसार, तेच कुपोषण घेऊन पुन्हा येत. बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते आणि त्यांची कारणे रुग्णालयाच्या आवाराबाहेर होती. येथे त्यांच्या समर्पणापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. निष्ठेने, रात्रंदिवस केलेली सेवाही अपुरी असू शकते काय? उच्च शिक्षणासाठी ते अमेरिकेत गेले आणि तेथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथे चांगल्या पगाराची संधी उपलब्ध असताना १९७० मध्ये ते परतले आणि अवर्षणग्रस्त जामखेडमध्ये त्यांनी सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची स्थापना केली.

प्रकल्पाच्या आरंभी खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका पाठवण्याची योजना होती. ती यशस्वी झाली नाही. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला खेड्यात एकटीने राहणे कठीण होते आणि गावकऱ्यांचा तिच्यावर विश्वास बसण्यास वेळ लागत असे. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी बहुतेक निरक्षर होत्या आणि अनेक जणी दलित समाजातील होत्या. त्यांना दर आठवड्याला जामखेडला बोलावून शिकवले जाई. गरोदर स्त्रीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, अतिसारात मीठ-साखर-पाण्याचे मिश्रण, बालकाचे वजन, कुष्ठरोग व क्षयरोग यांची लक्षणे असे विषय त्यात असत. जे कळले ते गावात इतरांना सांगावयाचे, अशी अट होती.

या पद्धतीचे परिणाम लक्षणीय ठरले. १९७१ मध्ये प्रकल्प क्षेत्रात दर हजार जन्मांमागे सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण विशीच्या आसपास आले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवेवरील ग्रंथात जामखेडचा समावेश झाला आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेतील प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचाराला अशाच प्रयोगांचा आधार होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल यांचे १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत यांचे २०११ मध्ये निधन झाले. प्रकल्पाचे कार्य त्यानंतरही चालू राहिले.

या यशाचे वर्णन विकासाच्या परिभाषेत अनेकदा झाले आहे. समर्पणाच्या दृष्टीने पाहता त्यातील एक अंग विशेष महत्त्वाचे वाटते. वैद्यकीय ज्ञान हीच डॉक्टरची सत्ता असते. ते ज्ञान निरक्षर स्त्रीच्या हाती देणे म्हणजे स्वतःची अपरिहार्यता कमी करणे होय. पैसा सोडणे, शहर सोडणे याहून हे कठीण आहे. कारण त्यागी म्हणून मिळणारा मानही त्यामुळे वाटला जातो. दुष्काळाच्या काळात हातपंप बसवताना ते जाणीवपूर्वक दलित वस्तीत बसवले गेले. पाण्यासाठी साऱ्या गावाला तेथे जावे लागले आणि विटाळाची कल्पना व्याख्यानावाचून सैल झाली. सेवा करणारा आणि सेवा घेणारा दोघेही कृपेचेच धनी आहेत, या ख्रिस्ती विचाराचे हे व्यावहारिक रूप होय. रुग्णाला त्याची जात वा धर्म विचारण्याचे कारण तेथे उरत नाही.

तुलना व मर्यादा

तीनही उदाहरणे एकत्र पाहिली असता एक समान रचना दिसून येते. प्रत्येक ठिकाणी आरंभीचा निर्णय (१८८३, १८९५, १९६०) आणि त्याची खोली वाढवणारा नंतरचा निर्णय (१८९१ च्या सुमारास, १९१७, १९७०) यांत अनेक वर्षांचे अंतर आहे. या मधल्या काळात तीव्र असमाधान आहे. आपण योग्य मार्गावर आहोत, परंतु पूर्णपणे नाही, ही जाणीव आहे. समर्पित जीवनात संशय आणि असमाधान यांना स्थान नसते, ही समजूत या दृष्टीने चुकीची ठरते. उलट तेच माणसाला पुढच्या पायरीवर नेतात.

दुसरे साम्य सोडलेल्या गोष्टींच्या स्वरूपात आहे. रमाबाईंनी आर्थिक हमी आणि पांडित्याचे वैभव सोडले. टिळकांनी वेतन सोडले आणि परकीय मुशीत घडलेली भक्तीची भाषा सोडली. आरोळ्यांनी तज्ज्ञाची मक्तेदारी सोडली. प्रत्येकाने सोडलेल्या जागेवर दुसरे कोणी तरी उभे राहिले. परित्यक्ता स्त्री छापखाना चालवू लागली, लक्ष्मीबाई कवयित्री झाल्या, भूमिहीन बाई गावाची आरोग्यरक्षक झाली.

मात्र या चित्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एकाच्या समर्पणाची किंमत दुसऱ्याने न विचारता भरावी लागते, हे लक्ष्मीबाईंच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. समर्पित व्यक्तीच्या हाती निराधारांचे पालकत्व असेल तर श्रद्धेचा आदर्श कोठे संपतो आणि दबाव कोठे सुरू होतो, हा प्रश्न १८९३ इतकाच आजही जिवंत आहे. भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेले सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य समर्पित व्यक्तीइतकेच तिच्या छायेत राहणाऱ्यांचेही आहे.

तसेच ही तिन्ही उदाहरणे सुशिक्षितांची आहेत. मराठवाडा व अहमदनगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आलेली आहेत. जातिभेद मंडळीच्या दाराशी पूर्णतः थांबला, असे म्हणता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. तो १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, परंतु ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळालेला नाही. म्हणजे गरीब ख्रिस्ती शेतमजुराच्या किंवा ऊसतोड कामगाराच्या श्रद्धेची किंमत थेट मुलाच्या शिक्षणाच्या संधीत मोजली जाते. त्याने आपल्या मिळकतीतून बाजूला काढलेला दशांश आणि दिवसभराच्या कष्टानंतर केलेली कौटुंबिक प्रार्थना यांची नोंद कोणत्याही चरित्रात होत नाही. समर्पणाचा अभ्यास केवळ नामवंतांच्या चरित्रांवर थांबला तर तो अपुराच राहील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि देवाला पूर्ण समर्पण या एकाच घटनेच्या दोन बाजू नसून, कालदृष्ट्या व आशयदृष्ट्या वेगळ्या घटना आहेत.

२. समर्पण म्हणजे बुद्धीचा त्याग नव्हे. रमाबाईंचा वाद, लक्ष्मीबाईंचा विलंब आणि आरोळ्यांचा पुनर्विचार ही समर्पणाचीच रूपे आहेत.

३. कृपेच्या कल्पनेमुळे सेवक आणि सेव्य यांतील उच्चनीचता तत्त्वतः नाहीशी होते. प्रत्यक्षात ती नाहीशी होण्यासाठी मात्र साधने, भाषा व ज्ञान यांवरील अधिकार सोडावा लागतो.

४. इतरांचे स्वातंत्र्य वाढवणारे समर्पण आणि ते आकुंचित करणारे समर्पण यांत फरक करणे आवश्यक असून, हा फरक समर्पित व्यक्तीच्या हेतूवरून नव्हे, तर तिच्या सान्निध्यातील माणसांच्या स्थितीवरून ठरवावा लागतो.

ज्ञानदान हे ज्यांचे कार्य आहे अशा अध्यापकवर्गासाठी यातील तिसरा व चौथा निष्कर्ष कोणत्याही एका धर्मापुरता मर्यादित नाही. ज्ञान देताना त्याबरोबर येणारा अधिकारही देता आला, तरच ते दान पूर्ण होते. जामखेडच्या निरक्षर स्त्रियांनी वैद्यकशास्त्रातील जेवढे आपलेसे केले, तेवढे त्यांना शिकवणाऱ्यांनी खरोखर देऊन टाकले होते. पाटोद्यापासून ते ठिकाण फार दूर नाही.